थोडी घाण मिळेल का?

स्वच्छतेमुळे आजवर कुणी मेलेलं नाही, असं सचिवांचं ठाम मत होतं. हे मत बनवताना त्यांनी माशांचा विचार केला नव्हता, एवढीच त्यात उणीव.

सचिव म्हणजे सरकारातले नव्हेत, चार मजली इमारतीच्या रहिवासी मंडळाचे. पोटासाठी ते एका विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळायचं काम करत, पण माणसाची खरी ओळख पगारी कामावरून थोडीच होते? जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवून, ते बोट उजेडात धरून बघितल्याशिवाय ते सकाळी ऑफिसला निघत नसत. कुणाच्या कुंडीखालून पाणी ओघळलं, कुणाची कचऱ्याची पिशवी वेळेआधी दाराबाहेर आली, हे त्यांना तोंडपाठ असे. पाठीमागे लोक त्यांना 'फिनेल' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. लोक मागून काहीबाही म्हणतातच. आपल्याला निदान उपयोगी वस्तूचं नाव दिलंय, असं ते बायकोला म्हणाले.  बायकोला वासाची सवय होती.

आता मासे. मासे सचिवांचे नव्हते, सासऱ्यांचे होते. सासूबाई गेल्यावर सासरे लेकीकडे राहायला आले ते एक आरामखुर्ची, एक जाड चष्मा आणि पाच सोनेरी मासे असलेली काचेची टाकी घेऊन. त्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता डोळे झिजले आणि उरलेल्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. मासे असे त्यांना दिसतच नसत. पाण्यात काहीतरी नारिंगी हलतंय एवढं कळे. तरी ते रोज खुर्ची ओढून काचेला नाक टेकवून बसत आणि घरातल्यांशी बोलत नसत तेवढं त्या नारिंगी हलण्याशी बोलत. टाकी हॉलच्या मध्यावर होती, काचांना हिरवं शेवाळ, तळाला काळपट गाळ. जावई या नात्याने सचिव गप्प बसत, पण सचिव या नात्याने त्यांचा घसा खवखवे.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात निघताना सासरे दारात थांबले आणि म्हणाले, "पट्टी निघाली की आधी मासे बघणार. बाकीचं जग पाहिलंय मी."

हे ऐकून सचिवांना गलबलून आलं. दुसऱ्या कुणाला गलबलून आलं तर तो रुमाल काढतो. सचिवांनी फडकं काढलं. म्हातारा इतक्या वर्षांनी मासे बघणार, आणि बघणार ते कशातून, तर त्या शेवाळातून? बायको दवाखान्यात वडिलांपाशी होती, म्हणजे आवरायला कुणी नव्हतं. सचिवांनी मासे बादलीत काढले, टाकी रिकामी केली, तळाची वाळू उकळली, काचा घासल्या, आणि पाणी गाळणाऱ्या यंत्रातला स्पंज नळाखाली धरून तो पांढरा होईपर्यंत पिळला. त्या स्पंजातून जे काळं पाणी निघालं ते बघताना त्यांच्या मनात तेच विचार आले जे एकूण समाजाबद्दल येत असत. मग नळाचं ताजं पाणी टाकीत भरलं आणि मासे आत सोडले. पाणी इतकं स्वच्छ होतं की पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचता येत होती.

संध्याकाळी बायको कपडे न्यायला आली आणि टाकीकडे बघून म्हणाली, मासे दचकल्यासारखे वाटतायत. सचिव म्हणाले, दचकणारच, आपण पाण्यात आहोत हे त्यांना आज पहिल्यांदा दिसतंय.

दुसऱ्या दिवशी सासरे घरी आले. उजव्या डोळ्यावर पट्टी, ती उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन काढायची होती. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होताच. आले ते थेट खुर्चीत बसले आणि त्यांनी कान टवकारले. टाकीतून आवाज येत होता. पुक. पुक पुक.

"आज बोलतायत वाटतं," सासरे खूश होऊन म्हणाले.

सचिव आणि बायको टाकीपाशी गेले. पाणी दुधात विरजण घातल्यासारखं झालं होतं. पाचही मासे वरच्या पाण्याशी तोंड लावून, भाषणाच्या शेवटी पाणी मागणाऱ्या पुढाऱ्यासारखे तोंड उघडमीट करत होते. त्यातला सगळ्यात मोठा एका अंगावर कलला होता. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. लग्न जुनं झालं की काही वाक्यं बोलावी लागत नाहीत. ती डोळ्यांनीच म्हणाली, उद्या सकाळपर्यंत हे नीट झालं नाही तर बाबांना मी काय सांगू, हे तुम्ही मला आत्ता सांगा.

"स्वागत करतायत तुमचं," सचिवांनी सासऱ्यांना सांगितलं आणि ऑफिसला तब्येत बरी नसल्याचं कळवलं. कुणाची तब्येत, हे विचारायची विमा कंपनीत पद्धत नव्हती. ते फक्त ग्राहकांना विचारत.

आपल्याकडे माणूस आजारी पडला तर बघायला येणारे दोन आणि मासा आजारी पडला तर दहा, असं का, हे समजत नाही. कदाचित मासा उलट उत्तर देत नाही म्हणून असेल. सचिवांनी समोरच्या वहिनींना फक्त, माशांच्या पाण्यात मीठ घालतात का, एवढं विचारलं होतं. तासाभरात स्वयंपाकघरात सल्लागारांची बैठक भरली. स्वयंपाकघरात अशासाठी, की हॉलमध्ये सासरे बसले होते आणि कुजबुज ऐकण्यात त्यांचे कान वस्ताद झाले होते. तळमजल्यावरचे निवृत्त रसायनवाले सर आले. त्यांनी पाणी या पदार्थाची रचना समजावून सांगितली आणि ती ऐकून पाण्याचं काही झालं नाही. समोरच्या वहिनींनी हळूच विचारलं, घरात काही भांडण झालंय का, माशांना जाणवतं म्हणतात. बायको म्हणाली, अजून नाही. पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्याने आपल्या मेहुण्याचं उदाहरण दिलं. मेहुण्याच्या टाकीत अगदी असंच झालं होतं, हेच दुधाळ पाणी, हीच उघडमीट. सचिवांनी आशेने विचारलं, मग काय केलं त्यांनी? बँकवाला म्हणाला, काही नाही, मेले.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं की पाणी बदला. इमारतीत कशावरही एकमत झालं की सचिवांना ते चुकीचं असणार असा संशय येई, पण आज त्यांनी स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवला नाही. पुन्हा टाकी रिकामी, पुन्हा नळाचं ताजं पाणी, आणि हात ओलेच आहेत म्हणून पुन्हा स्पंज नळाखाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, फक्त इथे हात दोनदा दाखवला होता. मोठा मासा आता अर्धा कलला नव्हता, पुरता आडवा झाला होता.

"गप्प झाले का?" सासऱ्यांनी हॉलमधून विचारलं.

"झोपलेत," बायको म्हणाली. मग स्वयंपाकघरात येऊन तिने भांडं जरा जोरात ठेवलं.

जबाबदार माणसाची खूण अशी की संकटात तो आधी जबाबदार कोण ते ठरवतो. सचिवांनी नळाच्या पाण्याचा वास घेतला. उग्र होता. म्हणजे दोष नळाचा, पर्यायाने पाणीपुरवठा खात्याचा. त्यांनी फोन लावला. तिकडून एका बाईंनी विचारलं, तक्रार कोणत्या प्रकारची, कमी दाब, गढूळ, दुर्गंधी की इतर? सचिवांनी माशांचं सांगितलं. बाईंनी विचारलं, मासे हे पाणी पितात का? सचिव म्हणाले, पितात की नाही माहीत नाही, पण त्यात राहतात. बाई म्हणाल्या, पाण्यात राहणाऱ्यांचा विभाग वेगळा आहे, तो नदी आणि तलाव बघतो. त्यांच्याकडे मासे येतात पण नळ येत नाही. आमच्याकडे नळ येतो पण मासे येत नाहीत.

दुसरा कुणी असता तर चिडून फोन आपटला असता. पण सचिव दावे फेटाळण्यात मुरलेले होते. कुठला शब्द घातला की समोरच्याला दावा मान्य करावाच लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो शब्द लोकांना सापडू नये याचाच तर त्यांना पगार मिळे. त्यांनी पुन्हा फोन लावला आणि अगदी शांत आवाजात सांगितलं, "कालपासून या पाण्याचा संपर्क आल्यामुळे घरातले पाच जण श्वासासाठी धडपडतायत. त्यातले एक आडवे पडलेत."

एरवी आठवडा आठवडा न फिरकणारं खातं कपातला चहा गार व्हायच्या आत दारात हजर झालं. निरीक्षक हातात पेटी घेऊन धावत जिना चढले आणि हॉलमध्ये शिरताच त्यांना पट्टी बांधलेले सासरे दिसले.

"हे आडवे पडलेले का?" त्यांनी विचारलं.

"मी डोळ्याचा," सासरे म्हणाले. "बसलोय की."

सचिवांनी निरीक्षकांना दंडाला धरून टाकीसमोर उभं केलं आणि तोंडावर बोट ठेवलं. निरीक्षकांनी मासे मोजले. मोजून झाल्यावर सचिवांकडे पाहिलं. तेवढ्यात मागून सासऱ्यांनी विचारलं, "मासे बघताय होय? माझेच आहेत. कसे वाटतायत?"

 निरीक्षक सरकारी नोकरीत केस पांढरे झालेले गृहस्थ होते. वस्तुस्थिती आणि उत्तर यांत अंतर ठेवायची त्यांना सवय होती.

"छान आहेत," ते म्हणाले. "आराम करतायत."

स्वयंपाकघरात मात्र त्यांनी आवाज न चढवता सचिवांची खरडपट्टी काढली. पाच जण म्हणाला होतात, असं ते म्हणाले. सचिव म्हणाले, जण म्हणालो होतो, माणसं म्हणालो नव्हतो. निरीक्षकांनी या वाक्याचं व्यावसायिक कौतुक केलं, पण त्यांची अडचण निराळी होती. तातडीची म्हणून नोंदलेली तक्रार मासे निघाले म्हणून बंद करता येत नाही, कारण बंद करायच्या कारणांत मासे हे कारणच नाही. तसं वर कळवलं तर लोक विचारणार, तू गेलास कशाला? त्यापेक्षा ठरलेली पद्धत बरी. गच्चीवरच्या टाकीतून नमुना घ्यायचा, तो तपासून येईपर्यंत अख्ख्या इमारतीचं पाणी बंद करायचं. त्यांनी गच्चीवर जाऊन मुख्य झडप फिरवली, तिला शिक्का मारला आणि खाली येऊन सासऱ्यांना लवकर बरे व्हा म्हणून निघून गेले.

चार मजल्यांचे नळ दोन फुसकारे टाकून गप्प झाले. कुणी डोक्याला साबण लावून उभं होतं, कुणाचं कपडे धुवायचं यंत्र मध्यावर अडकलं होतं. सचिवांनी फलकावर सूचना लावली, 'काही तांत्रिक कारणास्तव'. ती वाचून लोकांनी एकमेकांकडे आणि मग सचिवांच्या दाराकडे पाहिलं. इमारतीत असं कुठलंही तांत्रिक कारण आजवर झालं नव्हतं ज्यामागे कुणाचं तरी दार नव्हतं.

आणि आता माशांचं पाणी बदलायचं म्हटलं तरी पाणी नव्हतं.

दुपारी सचिव नाक मुठीत धरून माशांच्या दुकानात गेले. दुकानदार जाळीने एका टाकीतून मासे काढून दुसऱ्या टाकीत सोडत होता आणि गिऱ्हाइकाकडे बघायची त्याला गरज वाटत नव्हती. हकिकत अर्धी झाल्यावर त्याने फक्त विचारलं, धुतलंत? काय काय? स्पंजसुद्धा? नळाखाली? पुन्हा? प्रत्येक उत्तरानंतर तो मान हलवी आणि प्रत्येक होकारागणिक सचिव आपल्याला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसवल्यासारखे अवघडत होते. ऑफिसात प्रश्न विचारणारी बाजू त्यांची असे.

दुकानदाराने आधी हसऱ्या माशाचं चित्र असलेली औषधाची बाटली गळ्यात मारली. फरक पडेल का असं विचारल्यावर म्हणाला, पडला तर पडेल. मग सचिवांनी टाकीतून भरून आणलेल्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकून रंग बघितला. पिवळा राहायला हवा होता तो गडद हिरवा झाला. तो म्हणाला, मासे आपल्याच घाणीच्या विषात बुडतायत. ते विष खाणारे जिवाणू त्या स्पंजात घर करून राहतात. त्यांना तुम्ही नळाच्या पाण्यातल्या जंतुनाशक औषधाने धुऊन मारलंत, एकदा मारलंत, आणि कोणी उरलं असेल तर म्हणून परत मारलंत.

"मग आता?" सचिव म्हणाले.

"जुना स्पंज आणा. दुसऱ्या कुणाच्या तरी टाकीतला. कधीच न धुतलेला पाहिजे. जितका घाण तितका चांगला. आणि बादलीत दोन दिवस उघडं पडलेलं शिळं पाणी, म्हणजे त्यातलं औषध उडालेलं असतं. आज बसवलंत तर वाचतील. मोठ्याचं सांगत नाही."

दुकानातला एखादा स्पंज द्या, असं सचिव म्हणाले. दुकानदार म्हणाला, माझ्या सगळ्या टाक्यांत सध्या रोगाचं औषध घातलंय, त्यांत जिवाणू औषधालाही सापडायचा नाही. ओळखीत कुणी आळशी माणूस आहे का बघा.

होता. सचिवांच्या ओळखीत एकच होता आणि त्याच्याशी त्यांची ओळख नोटिसांपुरती होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या या गृहस्थाला सगळे निवांत म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर 'करू की निवांत' असं असे. त्याच्या घरातली माशांची टाकी गेली कित्येक वर्षं कुणी धुतली नव्हती. मासे आहेत हे त्याच्या सांगण्यावरूनच कळे. बाहेरून ते भाजीच्या रश्श्यासारखं दिसे. त्याच्या न्हाणीघरातल्या बादल्या भरल्या की भरलेल्याच राहत. सचिवांनी त्याला डासांबद्दल लिहिलं होतं, वासाबद्दल लिहिलं होतं, आणि येत्या रविवारच्या सभेत ती टाकी सार्वजनिक आरोग्यास घातक ठरवण्याचा ठराव स्वतःच्या सहीनिशी मांडला होता. ठरावात 'किळसवाणी' हा शब्द होता. सचिवांना तो शोधायला एक संध्याकाळ लागली होती.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं आणि जरा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, तू जाऊन येतेस का वर?

"मी गेले असते," बायको म्हणाली. "पण ठरावावर सही तुमची आहे."

हॉलमधून आवाज आला. सासरे माशांना विचारत होते, अरे, उद्या मी तुम्हाला बघणार आहे आणि तुम्ही आज असे रुसलात कसे?

सचिव उठले.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. त्या हरीला निदान आधी गाढवाविरुद्ध ठराव मांडायची बुद्धी झाली नव्हती. दारावर टकटक केल्यावर आतून बऱ्याच वेळाने, उघडंच आहे, असं उत्तर आलं. निवांत कोचावर लवंडला होता. बसा म्हणाला. बसायला जागा करायची तर वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलावा लागला आणि तो कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. सचिव गठ्ठा मांडीवर घेऊनच बसले.

त्यांनी हवापाण्यापासून सुरुवात केली. पाण्यापाशी येऊन अडखळले. मग एकदाचं बोलून टाकलं. निवांतने शांतपणे ऐकून घेतलं.

"काय पाहिजे म्हणालात?"

"तुमच्या टाकीतला स्पंज."

"त्यातलं काय?"

"घाण," सचिव म्हणाले. "थोडी घाण मिळेल का?"

निवांत उठून बसला. त्याला उठून बसलेलं सचिव प्रथमच बघत होते. पण तो हसला नाही, टोमणाही मारला नाही, आणि त्यामुळे सचिवांना जास्तच लागलं. तो म्हणाला, घेऊन जा की, एक काय, दोन स्पंज आहेत, तळाचा गाळ पण घ्या, बादल्याही भरलेल्या आहेत. कधी भरल्या ते विचारू नका.

सचिवांना उपकाराची परतफेड केल्याशिवाय राहवेना. ते म्हणाले, रविवारचा ठराव मी मागे घेतो.

"छे, मागे कशाला घेता?" निवांत म्हणाला. "मी वाट बघतोय रविवारची. ठराव झाला की मंडळाची माणसं येऊन टाकी धुऊन देणार ना? मला कुठे होतंय ते? मी तर म्हणतो उद्याच पाठवा."

सचिवांनी मनात हिशेब केला. आज मासे वाचले तरी पुढे काही बिनसलं तर पुन्हा घाण कुठून आणायची?

"धुऊ नका," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"टाकी. धुऊ नका. निदान महिनाभर तरी. मी हात जोडतो."

निवांतने विचार केला. महिनाभर काही करायचं नाही, हे त्याला जमण्यासारखं होतं.

खरी परीक्षा यानंतर होती. स्पंज न्यायला पिशवी हवी होती. निवांत म्हणाला, आहे कुठेतरी, शोधतो निवांत. मोठा मासा तोवर थांबला नसता. तेव्हा सचिव एका हातात काळा, बुळबुळीत, गळका स्पंज आणि दुसऱ्या हातात हिंदकळणारी शिळ्या पाण्याची बादली घेऊन जिना उतरू लागले. तो जिना त्यांनी सकाळी बोट फिरवून तपासला होता. आता पायरीपायरीवर त्यांच्या हातून काळे थेंब पडत होते. आणि नेमकं पाण्याचं काय झालं हे विचारायला अर्धी इमारत रिकाम्या कळश्या घेऊन जिन्यातच उभी होती. लोक बाजूला झाले. स्पंजाचा वास आला तसे आणखी बाजूला झाले. पाणी फक्त सचिवांकडेच कसं, असं कुणीतरी म्हणालं, आणि मग बादलीत डोकावून त्याने ते शब्द मागे घेतले. समोरच्या वहिनींनी नाकाला पदर लावून विचारलं, "हातात काय आहे हो?"

"जिवाणू," सचिव म्हणाले आणि मान ताठ ठेवून पुढे उतरले. माणसाने प्रतिष्ठा सोडू नये. फार तर ती एका हातात धरावी.

बायकोने दार उघडून ठेवलं होतं. दोघांनी मिळून निम्मं पाणी काढलं, बादलीतलं पिवळसर पाणी हळूहळू ओतलं, तो स्पंज यंत्रात बसवला आणि वरून गाळही सोडला. काचेपलीकडची तारीख दिसेनाशी झाली, मग भिंत दिसेनाशी झाली. सचिवांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात घाणेरडं काम होतं आणि एखादं काम मन लावून करायचं म्हणजे काय, हे त्या दिवशी त्यांना पाहून कळलं असतं. संध्याकाळी लहान चौघे वरून खाली आले. मोठा आडवाच होता, पण कल्ला हलत होता. सचिव त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले, आणि कुणी ऐकत नाही असं बघून त्याला काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते बायकोलाही कळलं नाही. दिवे मालवायच्या आधी मोठा सरळ झाला, एकदा वळला आणि नवऱ्यामुलासारखा सावकाश टाकीभर फिरून आला.

सकाळी निरीक्षक आले. तपासणीत पाणी पिण्यास योग्य आढळलं आहे, असं सांगून त्यांनी शिक्का काढला. जाताना त्यांनी मासे बघितले आणि पाण्याचा रंगही बघितला. म्हणाले, या पाण्याचा नमुना मात्र मला देऊ नका.

सासरे दवाखान्यातून पट्टी काढून आले ते लेकीचा हात धरून, डोळे मिटूनच. वाटेत त्यांनी उघडले नाहीत, रिक्षात नाही, जिन्यातही नाही. हे जिन्याच्या दृष्टीने बरंच झालं. खुर्चीत बसले, चेहरा काचेजवळ नेला, आणि मग डोळा उघडला.

 सचिव त्यांच्यामागे उभे होते.

"याच्या शेपटीला पांढरी किनार आहे," सासरे म्हणाले.

"हो बाबा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

सासऱ्यांनी मान डोलावली. एकेकाला नीट, वेगवेगळं पाहिलं. पाचवा मोठा होता, तो काचेशी आला आणि दोघे नाकाला नाक लावून थोडा वेळ तसेच राहिले. मग ते म्हणाले, पाणी जरा मळकं वाटतंय, पण मासे मजेत आहेत, जावईबापूंनी सांभाळले हो चांगले. घाणीबद्दल शाबासकी मिळण्याची ही सचिवांची पहिलीच वेळ होती. त्यांची छाती नकळत पुढे आली.

सासरे आभार मानायला वळले, आणि वळता वळता त्यांची नजर खोलीभर फिरली. जन्मभराची सवय, ती डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली अशीच फिरली.

"अगं," ते लेकीला म्हणाले, "पंख्याच्या पात्यांवर किती जाडी धूळ आहे ही? आणि तो कोपरा बघ. जाळं. तिकडे दुसरं. खिडकीच्या गजांना काय लागलंय काळं? ही भिंत पिवळी कधी रंगवली?"

"पांढरीच आहे, बाबा."

"असेल." त्यांनी विषय वाढवला नाही, चूक दाखवली की पुरे, वाद घालायचा नाही, ही छापखान्याची रीत. मग त्यांची नजर सचिवांवर येऊन थांबली. ती तिथे पुष्कळ वेळ थांबली. "जावईबापू," ते मायेने म्हणाले, "केस काळे करता होय तुम्ही? कानामागे राहिलंय बघा. दोन्ही बाजूंना."

सचिवांचा हात आपोआप कानामागे गेला.

बायको पिशवीतून औषधं काढता काढता म्हणाली, डॉक्टर खूश आहेत, पुढच्याच महिन्यात दुसरा डोळाही करून टाकू म्हणालेत, तारीखसुद्धा दिलीय.

"एवढी घाई काय आहे?" सचिव म्हणाले. "एका डोळ्याने उत्तम भागतंय की त्यांचं. माणसाला सगळंच दिसायला हवं असं थोडंच आहे?"